सात सेकंदांचा उजेड

देवासला कुणालाही विचारा की पोतनिसांची विद्युल्लता काय काम करते, तर दहा जण दहा उत्तरं देतील आणि त्यातलं एकही धड बरोबर नसेल. शेजारचे म्हणतात, लाइटिंगचं काम करते, म्हणजे लग्नातलं. बँकेतले मामा म्हणतात, साउंड सिस्टिम लावते. तिची आई मात्र सरळ सांगते, "वायरी जोडते, आणि मग लोकांना अंधारात बसवते." खोटं कशाला बोला, आईचंच उत्तर सगळ्यांत जवळचं आहे. विद्युल्लता उजेड, आवाज आणि वीज यांची कला करते. चित्र भिंतीवर टांगतात, ही बाई अख्खी खोलीच मांडते, आणि बघणाऱ्यानं त्या खोलीत जाऊन उभं राहायचं. एवढं समजावून सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "अच्छा, म्हणजे डीजे." मग ती सांगायचं सोडून देते.

वय अडतीस, जाड चष्मा, बोटांवर सोल्डरिंगचे भाजल्याचे डाग. पोटासाठी एका शाळेत मुलांना विज्ञानाचे प्रयोग शिकवते आणि उरलेला वेळ गावातल्या देवीच्या टेकडीच्या मागल्या अंगाला भाड्यानं घेतलेल्या गॅरेजात काढते. घराणं जुनं. पणजोबा देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारात कारकुनी करायचे, आजोबा मास्तर, आणि वडील माधवराव बिजली बोर्डात ऑपरेटर. ज्या महिन्यात माधवरावांना नोकरीचं पत्र आलं त्याच महिन्यात ही जन्मली, म्हणून हौसेनं विद्युल्लता हे नाव ठेवलं. हिंदी शाळेत त्या नावाचं जे काय झालं ते विचारू नका. मास्तरांना ते म्हणता यायचं नाही, आणि पोरं तिला बिजली म्हणायची. घरात ती विद्यू, आणि वडील म्हणजे नाना.

नानांची सगळी नोकरी कन्नौदच्या पुढे, नेमावरच्या रस्त्यावरच्या एका ग्रिडवर गेली. ग्रिड म्हणजे वीज उतरवून घेऊन गावागावांना वाटायचं ठिकाण. चहूकडे शेतं, मधे तारांचं कुंपण, आत दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, एक पॅनलची खोली आणि मागं स्टाफचे क्वार्टर. विद्यूचं बालपण त्या क्वार्टरमध्ये गेलं. ट्रान्सफॉर्मर दिवसरात्र घुमायचे. पाहुण्यांना त्या घुमण्यानं झोप यायची नाही, आणि विद्यूला देवासला आजोबांकडे गेलं की त्याच्यावाचून झोप यायची नाही. आई स्वैपाक करताना गुणगुणायची ते नेहमी एकाच पट्टीत. पुष्कळ वर्षांनी विद्यूनं पेटीवर तपासलं, तर पांढरी पाचच्या किंचित वर, नेमका ट्रान्सफॉर्मरचा सूर. आईला हे सांगितलं तेव्हा ती रागावली, म्हणाली मला माझा सूर आहे.

क्वार्टरच्या गच्चीवरून संध्याकाळी लांबलांबची गावं दिसायची. पिवळे ठिपके, कुठे चार, कुठे पंधरा. मग एकेका बाजूचे ठिपके अचानक जायचे आणि तिथं नुसतं शेत उरायचं, आणि वर तेवढ्याच चांदण्या निघायच्या. विद्यूला वाटायचं, खाली पॅनलच्या खोलीत नाना बसलेत आणि ते गावांना एकेक करून निजवतायत. शाळेत तिनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. वर्गात निम्मी पोरं त्याच गावांतली. पंधरा दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही.

कारण ते दिवस लोडशेडिंगचे होते. वरून फोन यायचा की अमुक फीडर बंद करा. फीडर म्हणजे एका बाजूच्या दहा-अकरा गावांना जाणारी लाइन. नाना हँडल खाली ओढायचे आणि अकरा गावांची लाइट जायची. मग दुसरा फोन वाजायला लागायचा, गावांकडचा. त्यात काय ऐकू यायचं ते नानांनी घरी कधी सांगितलं नाही, पण पॅनलची खोली आणि क्वार्टर यांच्यात एकच भिंत होती आणि गावाकडची माणसं फोनवर हळू बोलत नाहीत. आई रेडिओ मोठा करायची. नाना प्रत्येकाला एकच सांगायचे, "हाँ भिया, ऊपर से है, आते ही दे दूँगा."

फोनवरच्या शिव्या माणूस विसरतो. एक गोष्ट मात्र नानांच्या मनातून गेली नाही. मार्च महिना, दहावीची परीक्षा, आणि एक माणूस सायकलवरून ग्रिडच्या फाटकाशी आला. उद्या पोरीचा गणिताचा पेपर आहे, तासभर लाइट द्या, म्हणाला. नानांना देता येईना, वरून हुकूम होता. तो माणूस भांडला नाही, हात हलवले नाहीत, आवाज चढवला नाही. फाटकाशी तासभर उभा राहिला आणि सायकलवर बसून गेला. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

एकतीस वर्षांनी नाना रिटायर झाले. निरोपसमारंभात साहेबांनी भाषण ठोकलं, की माधवरावांनी घराघरांत उजेड नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन नानांनी गळ्यातला हार काढून खुंटीला लावला आणि विद्यूला म्हणाले, "उजेड वरून यायचा. अंधार मात्र माझ्या हातानं व्हायचा."

आता हे वाक्य कुणी ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. विद्यूला ते सोडता येईना. तेव्हापासून देवासच्या घरात नाना व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, पेपर वाचायचे, भाजी निवडून द्यायचे, सगळं नीट. पण नोकरीचा विषय निघाला की उठून आत जायचे. बाकीचे रिटायर लोक आपल्या नोकरीच्या बढाया मारून मारून घर डोक्यावर घेतात, आणि हा माणूस एकतीस वर्षं अशी गुंडाळून बाजूला ठेवतो जणू काही चोरीच केली होती. ते एक वाक्य नानांच्या छातीवरून उतरावं, एवढंच विद्यूला पाहिजे होतं, आणि सात वर्षांत तिनं जे जे मांडलं ते खरं म्हणजे त्यासाठीच होतं. पण आधीच्या मांडण्या सुरतला, भोपाळला झाल्या आणि नानांनी त्यांचे फोटो पाहून "छान" म्हटलं. पोस्टमनलाही ते तसंच छान म्हणतात.

मग तिनं ठरवलं, आता थेट नानांच्या फीडरवरच जायचं. वर्षभर दर सुटीला ती बसनं कन्नौद गाठायची आणि तिथून त्या अकरा गावांत. चाळीस घरांतून तिनं चाळीस जुने बल्ब मागून आणले, तारेचे, पिवळ्या उजेडाचे, जे आता माळ्यावर पडलेले असतात. प्रत्येक घरातून एक वस्तूही आणली. कुठून चाळण, कुठून पाळण्याची कडी, कुठून लाटणं, कुठून फाटका पतंग. आणि प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, की लाइट जायची तेव्हा तुम्ही काय करायचात. बोलणं रेकॉर्ड करून घेतलं.

लोक काय काय बोलले म्हणता! एका घरी चार भाऊ वेगळे झालेले, पण लाइट गेली की चारीकडच्या खाटा एकाच अंगणात यायच्या. एक म्हातारबाबा अंधारात सगळ्या नातवंडांची डोकी चाचपून मोजायचे आणि मोजणी नेहमी एकानं चुकायची. नेमावर रस्त्यावरच्या एका गावात नर्मदाबाई म्हणून एक शेतकरीण भेटली, साठीची, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, तिची सासू उजेडात तिच्याशी कधी धड बोलली नाही. अंधारात मात्र हात हातात घेऊन माहेरच्या गोष्टी सांगायची. लाइट आली की हात सोडायची. एवढं सांगून नर्मदाबाई विद्यूला म्हणाली, चहा पिऊन जा.

विद्यूला वाटलं, सापडलं. नानांना हेच ऐकवायचं, की तुम्ही केलेला अंधार काही इतका वाईट नव्हता. घरी येऊन तिनं नानांच्या कानाला हेडफोन लावले. नानांनी दोनेक मिनिटं ऐकलं, हेडफोन काढून घडी घालून ठेवले आणि म्हणाले, लोक मुळात चांगले आहेत, घरी आलेल्या पोरीच्या तोंडावर वाईट कशाला बोलतील. झालं. वर्षाची मेहनत दोन मिनिटांत बसली. विद्यू गॅरेजात गेली आणि उगाच तीन तास वायरी सोलत राहिली.

पण काम तर मांडायचं ठरलं होतं. तिची इंदूरच्या कॉलेजातली मैत्रीण उर्वशी धारला शाळेत ड्रॉइंग शिकवते. धारला साडेबारा तलाव आहेत असं म्हणतात. लोक बारा मोजून दाखवतात, अर्धा कुठला ते कुणी सांगत नाही. त्यातल्या एका तलावाच्या काठी एक बंद पडलेलं पंपघर उर्वशीनं हेरून ठेवलं होतं. जाड भिंती, खिडकी एकही नाही, एक मोठी खोली आणि तिला लागून यंत्राची लहान खोली, मधल्या भिंतीत दगडी जाळी. भर दुपारी दार लावलं तरी आत हात दिसायचा नाही. विद्यू आत जाऊन उभी राहिली तेव्हा बाहेर तलावावर पाणकोंबड्या ओरडत होत्या आणि आत तो आवाज दगडातून गाळून, मऊ होऊन येत होता. तिला क्वार्टरमधली दुपार आठवली. इथंच, म्हणाली.

आणि काय मांडलं होतं पोरीनं! चाळीस बल्ब, ज्या घरात जो जेवढ्या उंचीवर होता तेवढ्याच उंचीवर टांगलेला. चुलीपुढचा खाली, गोठ्यातला वर, जिन्यातला तिरपा. प्रत्येक बल्बापुढे त्याच्या घरची वस्तू. लोक आत यायचे, दार लागायचं, आणि अकरा मिनिटं काळोख. त्या काळोखात कुठूनतरी विंझणा हलायचा, भांडं लागायचं, कुणी कुणाला हाक मारायचं, नर्मदाबाई सासूबद्दल बोलायची, कुत्रं लांबून भुंकायचं. ऐकता ऐकता आपण पंपघरात आहोत हे माणूस विसरायचा. पायांखालच्या फळ्यांमधून मग हळूहळू ट्रान्सफॉर्मरचं घुमणं वर यायचं, आधी तळव्यांना कळायचं आणि नंतर कानांना. आणि मग चाळीसही बल्ब लागायचे. तारा आधी लाल, मग केशरी, मग पिवळ्या. चाळणीची, लाटण्याची, पतंगाची, कडीची सावली भिंतींवर पसरायची आणि चारी भिंतींवर मिळून एक गाव उभं राहायचं, अंगणं, छपरं, झाडं, सगळं. सात सेकंद. टायमर टक करायचा आणि गाव नाहीसं.

सातच का, असं उर्वशीनं विचारलं होतं. विद्यू म्हणाली, जास्त ठेवले की माणसं मोबाइल काढतात. याबाबतीत ती कुणाचं ऐकत नाही.

प्रदर्शन सहा दिवसांचं, रोज दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. नानांना तिनं आधीच बोलावलं होतं. नाना म्हणाले, "अंधार बघायला धारपर्यंत कशाला येऊ? मी थोडा केलाय का?" हसून म्हणाले, पण आले नाहीत.

पहिल्या दिवशी गर्दी झाली. धारची मराठी मंडळी आली, शाळेतल्या बाई आल्या, बाजाराला आलेली गंधवानीकडची दोन कुटुंबं पिशव्यांसकट आली. अकरा मिनिटं सगळे चिडीचूप. विद्यू कोपऱ्यात उभी. घुमणं वर आलं, तारा लाल झाल्या, दिवे लागले. आणि लागल्याबरोबर खोलीतल्या यच्चयावत माणसांनी डोळे मिटून हात जोडले.

सात सेकंद झाले. टक. अंधार. लोकांनी डोळे उघडले.

विद्यूला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला एका पोराचे डोळे उघडे होते, तर त्याच्या आजीनं त्याचे हात धरून जोडायला लावले. बाहेर येताना सगळे खूश. बहुत अच्छा लगा, म्हणत होते. क्या देखा, असं विचारलं की म्हणायचे, लाइट आई. भिंतीवर काय होतं? त्याकडे ध्यान नाही गेलं. एका दिवसात सुमारे दीडशे माणसं येऊन गेली आणि त्यांतल्या दहांनीसुद्धा ते गाव पाहिलं नाही. वर्षभर गावोगाव वणवण केली ती कुणी बघू नये म्हणून! विद्यूला रडावं की हसावं कळेना. उर्वशीला कळलं. ती हसत सुटली आणि त्यावरून दोघींचं भांडण झालं.

दुसऱ्या दिवशी विद्यूनं दारावर बोर्ड लावला, हिंदीत आणि मराठीत, की कृपया हात जोडू नयेत. लोकांनी तो अदबीनं वाचला. एकानं तर बोर्डालाच नमस्कार केला. आत गेल्यावर जे व्हायचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं टायमर पंधरा सेकंदांवर नेला, तर काहींचे डोळे तिसऱ्या सेकंदाला उघडले आणि त्यांनी मोबाइल काढले, काहींचे पंधराव्यालाही मिटलेलेच. त्या दुसऱ्या जातीतल्या एक होत्या यमुनाबाई, धारच्याच, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एके काळच्या हेडमास्तरीण. त्या तीन दिवसांत तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि तिन्ही वेळा काही न बघता समाधानानं बाहेर पडल्या होत्या. विद्यूचा धीर सुटला. तिनं जरा तावातच विचारलं, की आजी, डोळे उघडे ठेवले तर काय बिघडेल.

यमुनाबाईंनी तिच्याकडे वर्गातल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. म्हणाल्या, "दिवा लागला की आधी हात जोडावेत, मग बघावं. तुझं यंत्र म्हणतं, आधी बघा. मग आम्ही रीत मोडायची, की त्यानं जरा थांबायचं?"

किती थांबायचं, विद्यू म्हणाली, प्रत्येकाचं वेगळं असतं, टायमरला काय कळणार. यमुनाबाई चपला घालत म्हणाल्या, नाहीच कळणार, एखादं माणूस बसव.

विद्यू तलावाच्या पायरीवर जाऊन बसली. ऊन कलतीला लागलं होतं, पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरली होती आणि त्यावर बगळा एका पायावर उभा होता, त्याला कसलीच घाई नव्हती. दारावर उर्वशी लागते, आत आवाजाकडे आपण लागतो, मग दिव्यांवर कोण? माणूस असा पाहिजे की जो हँडलवर हात ठेवून न कंटाळता बसेल, सांगितल्याशिवाय दाबणार नाही आणि सांगितल्यावर चुकणार नाही. असा माणूस तिला एकच माहीत होता. तिनं फोन लावला आणि प्रदर्शनाचं नावही काढलं नाही. नुसतं म्हणाली, "नाना, ऑपरेटर पाहिजे."

नानांनी विचारलं की लोड किती आहे. अर्थिंग केलंय का, कुणी केलंय, वायर कुठली वापरली. विद्यूनं उत्तरं दिली. अर्थिंगचं उत्तर नानांना पसंत पडलं नाही. म्हणाले, उद्या येतो, तोवर कशाला हात लावू नका.

चौथ्या दिवशी दुपारी नाना उतरले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर, पिशवीत आईनं दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. मांडणीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, आधी अर्थिंगचा खड्डा पाहिला, तोंड वाकडं केलं आणि कोळसा-मीठ आणवून तो परत भरून घेतला. मग यंत्राच्या खोलीत स्टूल ओढून बसले. विद्यूनं टायमर काढून टाकून तिथं हँडल बसवलं होतं. तिनं समजावलं, की मी इशारा केला की दिवे लावायचे, जाळीतून लोकांकडे बघायचं, शेवटच्या माणसानं डोळे उघडले की मनात सात मोजायचे आणि बंद करायचे.

"डोळे उघडले की म्हणजे?" नाना म्हणाले. "मिटतील कशाला?"

विद्यू म्हणाली, बघालच.

लोक आत आले. दार लागलं. विंझणा हलला, भांडं वाजलं, नर्मदाबाई बोलली. घुमणं फळ्यांखालून वर आलं, तसं जाळीमागं नाना स्टुलावर सरळ झाले असणार, कारण तो त्यांचाच ट्रान्सफॉर्मर होता. विद्यूनं इशाऱ्याचा लहान दिवा लावला. चाळीस बल्ब लागले. हात जोडले गेले, डोळे मिटले गेले. मग एकेकाचे उघडायला लागले. आणि धारच्या लोकांनी पहिल्यांदा ते गाव पाहिलं. कुणीतरी "अरे, वो देख" म्हणालं. एक बाई भिंतीवरच्या झाडाच्या सावलीला हात लावायला गेली. सगळ्यांत शेवटी एका म्हाताऱ्यानं डोळे उघडले. विद्यूनं मनात सात मोजले.

दिवे गेले नाहीत. दहा झाले, वीस झाले, मिनिट झालं. लोक सावल्यांमधून फिरायला लागले, आपली सावली त्या अंगणांत मिसळून बघायला लागले. दोन मिनिटं झाली. नानांना काही झालं तर नाही? ती मागच्या दारानं यंत्राच्या खोलीकडे धावली.

नाना उभे होते. हात हँडलवर, तोंड जाळीकडे. तब्येतीला काही झालेलं नव्हतं. त्यांनी वळून न बघता विचारलं, की हे लोक काय करत होते. नमस्कार, विद्यू म्हणाली. कुणाला? लाइटला, लाइट आली म्हणून. नानांनी हँडल खाली ओढलं, दिवे गेले, लोक बाहेर पडायला लागले, आणि नाना स्टुलावर बसले.

"आपल्या फीडरवर करायचे का गं असं?"

विद्यूनं तोंड उघडलं आणि तिला कळलं, की आपल्याला माहीत नाही. ग्रिडच्या क्वार्टरला स्टेशनची स्वतःची लाइट, ती कधी गेली नाही, मग आली म्हणून हात कोण जोडणार? आणि अकरा गावं, चाळीस घरं, एवढी रेकॉर्डिंगं, त्यांत लाइट गेली की काय करायचात हेच विचारत फिरलो. आली की काय करायचात, हे एकालाही विचारलं नाही. नानांचा अंधार, नानांचा अंधार म्हणत त्याच्याच मागं लागलो. लोकांनीही आपणहून सांगितलं नाही. आपण श्वास घेतो हे कुणी मुद्दाम सांगतं का? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिनं तिथंच फोन काढला, नर्मदाबाईचा नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन जाळीच्या कट्ट्यावर ठेवला.

नर्मदाबाई शेतात होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. विद्यूनं विचारलं, की मावशी, तेव्हा लाइट यायची तेव्हा तुम्ही काय करायचात. असा कसा प्रश्न, असं तिला वाटलं असणार. मग नर्मदाबाई म्हणाली, "हाथ जोड़ता था, ओर कई करता? आखो गाँव जोड़तो थो." आणि हसली. "पेला हाथ जोड़ता, फेर फोन लगई ने गाली देता."

आधी हात जोडायचे, मग फोन लावून शिव्या. विद्यूनं फोन बंद केला. बाहेर उर्वशी पुढच्या लोकांना ओळीत उभं करत होती. नाना बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत होते. मग बोलायला लागले, आणि नोकरीबद्दल ते आपणहून बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. म्हणाले, पॅनलच्या खोलीतून बाहेरचं काही दिसायचं नाही. हँडल वर केलं की काचेमागचा एक काटा उडी मारायचा, तेवढंच. अकरा गावं लागली, ते त्या काट्यावरून कळायचं. आणि लगेच फोन वाजायचा. "मला वाटायचं, लोक तिथं माझ्या नावानं बोटं मोडत बसलेत, आणि लाइट आली की बोटं मोडायची थांबतात. फोनच्या आधी हे असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना लाज वाटत नव्हती. विद्यूनं डबा उघडून त्यांच्या हातात पोळीचा तुकडा दिला. नानांनी तो खाल्ला, पाणी प्याले, टेस्टर उगाच एकदा लावून बघितला आणि म्हणाले, चल, लोक खोळंबलेत.

पुढच्या खेपेला विद्यू आवाज लावून देऊन तिथं थांबली नाही. इशाऱ्याचीही गरज नव्हती, घुमणं आलं की नाना दिवे लावणार होते. ती जाळीच्या समोरच्या भिंतीशी टेकून उभी राहिली. अकरा मिनिटं गेली. तळव्यांना घुमणं लागलं. तारा लाल झाल्या, केशरी झाल्या, आणि चाळीस घरांचा उजेड एकदम खोलीभर झाला. वीस-पंचवीस माणसांनी हात जोडले. त्या उजेडात जाळीपलीकडचे नाना तिला स्पष्ट दिसले. उजवा हात हँडलवर होता, तो सोडता येत नव्हता. म्हणून एकटा डावा हात छातीशी उभा धरून ते समोरच्या प्रत्येकाकडे बघत मान लववत होते. ओळीनं, एकालाही न चुकवता.

लोक गेल्यावर ती आत गेली आणि तिनं हळूच विचारलं, की नाना, हे काय करत होतात.

नाना जरा चिडूनच म्हणाले, "एवढी माणसं नमस्कार करतायत, परत नको करायला? एकतीस वर्षांचे राहिलेत माझे. सोड पुढच्यांना आत."